वाचायचं भाडं भरलंत, लिहिलेलं खुलं कधी करणार?

प्रति,
मा. प्रधान वैज्ञानिक सल्लागार, भारत सरकार
मा. सचिव, उच्च शिक्षण विभाग, शिक्षण मंत्रालय
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन
नवी दिल्ली

विषय : 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'चा पुढचा करार, आणि सरकारी पैशातून झालेलं संशोधन सर्वांना खुलं करण्याबाबत.

महोदय / महोदया,

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली : संशोधनाचे लेख छापणाऱ्या नियतकालिकांची, म्हणजे जर्नल्सची, वर्गणी सरकारनं एकत्र भरायची आणि ती संस्थांना वाचायला द्यायची. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. तीस प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि त्यांतले जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधक. १ जानेवारी २०२५ ला योजना सुरू झाली, २०२७ अखेर तिची मुदत संपते. म्हणजे पुढच्या कराराची बोलणी त्याआधीच कुठल्या तरी बंद दाराआड सुरू होणार. ते दार लागायच्या आत हे पत्र आपल्या टेबलावर पोचावं आणि चारचौघांनीही वाचावं, म्हणून जाहीर लिहिते आहे.

पत्र मराठीत आहे. ज्यांच्या करातून हे ६,००० कोटी गेले त्यांतले बरेच जण मराठी वाचतात आणि त्यांना या व्यवहाराचा पत्ता नाही. आपल्या कार्यालयांत भाषांतराची सोय असतेच.

मी पश्चिम महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात गणित शिकवते. एम-वन, एम-टू, एम-थ्री हे गणिताचे विषय, त्यांच्या वह्या तपासणं, सबमिशन, इंटर्नल, आणि यातून वेळ उरला तर ग्राफ थिअरीत थोडंफार संशोधन. महाविद्यालय खासगी, त्यामुळे आपल्या १ कोटी ८० लाखांत मी नाही. पण 'मलाही यादीत घ्या' एवढंच म्हणायचं असतं तर अर्ज केला असता. मला आक्षेप यादीवर आहेच, त्याहून जास्त तो आपण जे विकत घेतलंत त्यावर आहे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी तो कसा चालतो ते सांगते. मी एखादं प्रमेय सिद्ध करते. त्याचा पेपर, म्हणजे शोधलेख, मीच लेटेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करते, सूत्रं मीच जुळवते, आकृत्या मीच काढते. गणितात असंच चालतं, प्रकाशकाकडे जाणारी फाइल जवळजवळ छापण्याजोगी असते. जर्नलचा संपादक म्हणजे कुठल्या तरी विद्यापीठातला प्राध्यापक. तो पेपर दोघा-तिघा रेफ्रींकडे पाठवतो. रेफ्री म्हणजे पुन्हा आमच्यासारखेच. रात्री जेवणं उरकल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसायचं आणि 'लेमा ३ मध्ये आलेख जोडलेला आहे असं गृहीत धरलंय, ते कुठं सिद्ध केलंय?' असे प्रश्न काढायचे. गणिताचा पेपर तपासायला महिने जातात, कारण प्रत्येक ओळ खरी आहे की नाही हे स्वतः करून बघावं लागतं. याचे पैसे कुणाला मिळत नाहीत. आम्ही ते मागतही नाही, तपासणं हा कामाचाच भाग आहे. पेपर स्वीकारला की एक फॉर्म येतो. त्यावर सही केली की लेखाचे हक्क प्रकाशकाचे. मग अक्षरजुळणीचं काम बहुधा चेन्नईतल्या किंवा पुदुच्चेरीतल्या एखाद्या कंपनीकडे जातं आणि तिथून 'प्लीज चेक फिगर २' अशी ई-मेल येते.

लिहिणारी भारतातली, तपासणारा बहुतेकदा कुठल्या तरी सरकारी विद्यापीठाच्या पगारावर, अक्षरं जुळवणारा चेन्नईचा. आणि तयार झालेला लेख परदेशातली कंपनी भारत सरकारला वर्गणी लावून विकते. गावानं श्रमदानानं विहीर खोदायची आणि रहाट बसवून देणाऱ्यानं दर घागरीला पैसे लावायचे, यातला हा प्रकार. प्रकाशक काहीच करत नाहीत असं माझं म्हणणं नाही. जुने अंक सांभाळणं, डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक देणं, वाङ्मयचौर्य पकडणं ही कामं होतात आणि त्यांना खर्च येतो. पण एल्सेव्हियर या मोठ्या प्रकाशकाची मालक कंपनी रेलेक्स आपल्या वार्षिक अहवालांत विज्ञान-प्रकाशन विभागाचा नफा विक्रीच्या ३५ टक्क्यांच्या वर दाखवत आली आहे. खर्चापुरते पैसे घेणाऱ्याच्या ताळेबंदात असा आकडा येत नाही.

आता तक्रारी.

पहिली. आपण शब्द एक दिला आणि केलं दुसरंच. विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोपक्रम धोरणाचा मसुदा २०२० च्या अखेरीस जाहीर झाला, तेव्हा त्यात 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'चा अर्थ स्वच्छ होता : सरकार प्रकाशकांशी एकदाच सौदा करील आणि त्या बदल्यात भारतातल्या प्रत्येक माणसाला जर्नल्स वाचता येतील. प्रत्येक माणसाला. चार वर्षांनी मंत्रिमंडळासमोरून जे बाहेर आलं त्यात 'केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्था' एवढेच उरले. नाव मात्र तेच राहिलं. महाराष्ट्रात उच्च शिक्षणाचा किती मोठा डोलारा खासगी संस्थांवर उभा आहे हे शिक्षण मंत्रालयाला मी सांगायला नको. त्यांतला मुलगा त्याच विद्यापीठाची परीक्षा देतो, त्याचीच पदवी घेतो, पण शेजारच्या शासकीय महाविद्यालयातल्या त्याच्या मित्राला जो पेपर उघडतो तो याला उघडत नाही. याच्या स्क्रीनवर ३९.९५ डॉलर अशी पाटी येते. बारा-पंधरा पानांच्या एका पीडीएफसाठी साडेतीन हजारांच्या आसपास, तेही आत उपयोगाचं काही आहे की नाही हे कळायच्या आधी.

आणि जे कुठल्याच संस्थेत नाहीत त्यांचं काय? माझा एक जुना विद्यार्थी बुलढाणा जिल्ह्यात शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेपासून लोणारचं सरोवर जवळ. बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालेलं हे विवर, त्याच्यावर जगभरातून लोक पेपर लिहितात. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नमुने तपासून त्यामागे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. विवराचं वय पूर्वी पन्नासेक हजार वर्षं सांगत, मग २०११ च्या आर्गॉन कालमापनात ते पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास निघालं. या गुरुजींना मुलांना हेच सांगायचं होतं, की आकडा दहापट बदलला तो का आणि कसा. बातमीत 'का' नसतो, तो पेपरात असतो. त्यांनी शोधलेल्या पेपरांपैकी बऱ्याच ठिकाणी आधी पैसे भरा. ज्या पाण्याकाठी हा माणूस राहतो त्या पाण्याविषयी जगाला काय ठाऊक आहे, ते त्याला वाचता येत नाही. शेवटी मी दोन लेखकांना ई-मेल लिहून पीडीएफ मागवून दिल्या. लेखक आनंदानं पाठवतात, जवळजवळ कधीच नाही म्हणत नाहीत. यावरून आपण काय ते ओळखावं.

संशोधन फक्त विद्यापीठात होतं असं धरून चालणाऱ्यांना महाराष्ट्रात तरी एक नाव आठवायला हवं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. डहाणूचा जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक, आणि मग १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही. अंक सगळे सारखे नसतील असा कोणताही चार अंकी आकडा घ्या, अंक उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढता क्रम वजा करा, येईल त्याचं पुन्हा तसंच करा. ३५२४ घेतलात तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि तिथून पुढे ६१७४ च. कुठूनही निघा, सात पायऱ्यांच्या आत मुक्काम तिथंच. हा आकडा आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखतात. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिलं तेव्हा बाहेरच्या जगाला कापरेकर कळले. आज देवळालीत असा कुणी मास्तर असेल तर तो ६,३०० संस्थांच्या यादीत बसत नाही. पुढच्या टप्प्यांत खासगी संस्था, त्यानंतर सार्वजनिक वाचनालयं अशी भाषा मध्यंतरी कानावर आली होती. टप्पा एक संपत आला तरी टप्पा दोनची तारीख काही ऐकली नाही.

दुसरी तक्रार आपल्याच धोरणाची आहे. डिसेंबर २०१४ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मिळून संशोधन सर्वांना फुकट वाचायला खुलं करण्याचं, म्हणजे ओपन अ‍ॅक्सेस धोरण काढलं. त्यात म्हटलं होतं की या विभागांच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा पेपर स्वीकारला गेला की लेखकानं त्याची अंतिम प्रत संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे खुल्या ऑनलाइन संग्रहात, ठेवायची. प्रकाशकाला वेगळे पैसे द्यायला नकोत, जर्नल बदलायला नको. नुसती फाइल चढवायची. उत्तम धोरण होतं! आज ते कुठं आहे? प्रकल्पाचा अहवाल देताना उपयोगिता प्रमाणपत्र मागतात, खर्चाचं विवरण मागतात, एका पावतीवर सही राहिली तर फाइल परत येते. पण पेपर रिपॉझिटरीत ठेवला नाही म्हणून कुणाचा पुढचा हप्ता अडल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. ज्या नियमाच्या उल्लंघनाची साधी विचारणाही होत नाही तो कोण पाळणार? २०१९ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांनी भारत 'प्लॅन एस'मध्ये, म्हणजे सरकारी पैशातलं संशोधन प्रसिद्ध होताच खुलं करण्याच्या युरोपातल्या योजनेत, सामील होणार असं सांगितलं, त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत विचार बदलला. बदलायला हरकत नाही, युरोपच्या अटी इथं जशाच्या तशा लागू पडल्या नसत्या. पण त्याऐवजी स्वतःचं जे होतं ते तरी राबवायचं.

पीएच. डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या खुल्या संकेतस्थळावर आहेतच ना! ते काम सरकारनंच करून दाखवलं. यूजीसीनं सक्ती केली, तिच्याच इन्फ्लिबनेट केंद्रानं यंत्रणा उभी केली, आणि आज लाखो प्रबंध कुणीही, कुठूनही, फुकट उघडतो. माझे एमएस्सीचे जुने विद्यार्थी सर्वांत जास्त काय वाचत असतील तर ते शोधगंगेवरचे प्रबंध. जे प्रबंधाला जमलं ते पेपरला का जमू नये, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

तिसरी तक्रार पैशाची. योजनेत वर्षाला १५० कोटी लेखकांच्या प्रकाशन-शुल्कासाठी ठेवले आहेत, म्हणजे ओपन अ‍ॅक्सेस जर्नलनं लेखकाकडे पैसे मागितले तर सरकार ते भरणार. वरवर चांगलं दिसतं. पण हिशेब मांडून पाहा. नावाजलेल्या जर्नलमध्ये एका पेपरचे अडीच-तीन हजार डॉलर म्हणजे दोन लाखांच्या वर जातात. नेचरनं २०२० मध्ये आपला दर ९,५०० युरो जाहीर केला होता. अगदी दोन लाख धरले तरी १५० कोटींत साडेसात हजार पेपर निघतात. भारतातून वर्षाला दोन लाखांहून अधिक पेपर प्रसिद्ध होतात. मग हे साडेसात हजार कुणाचे असणार, हे आमच्यासारख्यांना विचारायची गरज नाही. गणितात तर हा मार्ग मुळातच चुकीचा आहे. आमच्याकडे मोठी अनुदानं नसतात, कारण आम्हाला लागतं काय, तर फळा, कागद, वेळ आणि जुने पेपर. ज्या शाखेत संशोधनाचा खर्चच जवळपास शून्य, तिथं प्रसिद्ध करायचा खर्च दोन लाख? आधी वाचणाऱ्याचा खिसा कापायचा, आता लिहिणाऱ्याचा. कात्री तीच राहते.

याच शुल्कानं आणखी एक रोग आणला. ओपन अ‍ॅक्सेस म्हटलं की आमच्या स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो, 'किती घेतात?' प्रमोशनसाठी पेपर मोजायची पद्धत आली आणि पैसे घेऊन आठ दिवसांत काहीही छापणाऱ्यांची दुकानं गल्लोगल्ली निघाली. यूजीसीनं मान्य जर्नल्सची यादी केली, २०१८ मध्ये पुण्यातल्या संशोधकांनी ती तपासून त्यातली बहुतांश जर्नल्स साध्या निकषांतही बसत नसल्याचं करंट सायन्समध्ये दाखवून दिलं, मग केअर यादी आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाल्याचं जाहीर झालं. आता प्रत्येक संस्थेनं आपलं आपण ठरवायचं. ज्या संस्थेत जर्नल्स वाचायलाच मिळत नाहीत तिनं जर्नलचा दर्जा कसा ठरवावा, याचं मार्गदर्शन केलंत तर उपकार होतील.

चौथी थोडक्यात. २०२० च्या डिसेंबरमध्ये तीन परदेशी प्रकाशकांनी, त्यांचे पेपर परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या सायहबविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश निघाला. कायद्याच्या दृष्टीनं जे असेल ते असेल, मी चोरीचं समर्थन करत नाही. पण इतके लोक त्या वाटेनं का जात होते, हा प्रश्न न्यायालयाचा नव्हता, आपला होता.

आता कुणी म्हणेल, हे सगळं बोलायला सोपं, पर्याय काय? पर्याय आहेत, आणि त्यांतले काही आपल्याच मातीतले आहेत.

१९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर यांनी मोजक्या गणितप्रेमींना घेऊन एक क्लब काढला, तोच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाला. मूळ हेतू साधा होता. परदेशी जर्नल्स आणि पुस्तकं एकट्याला परवडत नाहीत, तर सगळ्यांनी वर्गणी काढून ती घ्यायची आणि टपालानं एकमेकांकडे फिरवायची. त्याचं ग्रंथालय पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होतं आणि रँग्लर परांजपे ते पाहत. कुठल्या तरी जिल्ह्याच्या गावातल्या सभासदाला पुण्याहून पार्सल जायचं, त्यानं वाचून परत पाठवायचं. मग या मंडळींनी स्वतःचं जर्नल काढलं, आणि त्यात १९११ साली रामानुजन यांचा पहिला पेपर आला, बर्नुली संख्यांवरचा. तेव्हा ते कुठल्या विद्यापीठात नव्हते, पदवीही नव्हती. पारतंत्र्यात, पोस्टाच्या भरवशावर, ज्या देशानं हे केलं तो आज इंटरनेट हाताशी असताना म्हणतो की सरकारी आयपी अ‍ॅड्रेस नसेल तर वाचता येणार नाही.

दुसरं उदाहरण मुंबईचं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले के. रामचंद्र आणि आर. बालसुब्रमणियन यांनी १९७८ साली 'हार्डी-रामानुजन जर्नल' सुरू केलं. संख्या-सिद्धांताला म्हणजे नंबर थिअरीला वाहिलेलं, वर्षातून एकदा, २२ डिसेंबरला, रामानुजन यांच्या वाढदिवशी निघणारं. आजही निघतं. वाचायला पैसे नाहीत, छापायला पैसे नाहीत. फक्त ते आज चालतं फ्रान्सच्या 'एपिसायन्सेस' या सार्वजनिक पैशावरच्या व्यासपीठावर. मुंबईत जन्मलेलं, रामानुजनांच्या नावाचं जर्नल फ्रेंच करदाता सांभाळतो आहे, आणि इकडे आम्ही दोन हजार कोटी वर्षाला बाहेर पाठवतो. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते. आपल्याला वाचताना काय वाटलं ते कळवावं.

गणितात तर ही वाट केव्हाच मळली आहे. १९९१ पासून भौतिकी आणि गणितातले लोक आपले प्रीप्रिंट, म्हणजे छापण्याआधीचे पेपर, 'आर्काइव्ह' या खुल्या संकेतस्थळावर टाकतात, आता तिथं वीस लाखांहून अधिक पेपर आहेत. रशियन गणितज्ञ पेरेलमन यांनी प्वांकारे अनुमान या प्रसिद्ध कोड्याची सिद्धता २००२-०३ मध्ये तिथंच ठेवली आणि कुठल्या जर्नलकडे पाठवलीही नाही. आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल, सक्सेना यांनी २००२ च्या ऑगस्टमध्ये मूळ संख्या ओळखण्याची झटपट रीत शोधली तेव्हा ती विभागाच्या संकेतस्थळावर ठेवली. जगभरच्या गणितज्ञांनी ती काही दिवसांत तपासली, अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये पेपर छापून आला तो २००४ मध्ये. छापायला दोन वर्षं, वाचायला दोन दिवस. आर्काइव्हचा अख्ख्या वर्षाचा खर्च आपल्या एका वर्षाच्या वर्गणीच्या पाच टक्केही होत नाही.

संपादकांनीही हिंमत दाखवली आहे. 'टोपॉलॉजी' या गणिताच्या जर्नलच्या संपूर्ण संपादक मंडळानं किमतीच्या मुद्द्यावर २००६ मध्ये राजीनामा दिला आणि नवं जर्नल काढलं. २०१२ मध्ये गणितज्ञ टिमथी गॉवर्स यांच्या पुढाकारानं हजारो संशोधकांनी एल्सेव्हियरवर बहिष्कार घातला, आणि पुढे गॉवर्स यांनीच आर्काइव्हवर आधारलेलं 'डिस्क्रीट अ‍ॅनालिसिस' काढलं, दोन्ही बाजूंनी फुकट. युरोपियन मॅथेमॅटिकल सोसायटीचं प्रकाशनगृह तर वर्गणीदारांना म्हणतं, तुम्ही नेहमीची वर्गणी भरत राहा, पुरेशी जमली की त्या वर्षाचा अंक साऱ्या जगाला खुला. ब्राझीलची 'सायेलो' १९९८ पासून सार्वजनिक पैशावर लॅटिन अमेरिकेची जर्नल्स खुली ठेवते. आणि बेंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस आपली जर्नल्स स्वतःच्या संकेतस्थळावर वर्षानुवर्षं फुकट देते, त्यांतलं 'रेझोनन्स' मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना वाचायला लावते. दर्जा आणि खुलेपणा यांचं वैर आहे हे प्रकाशकांचं म्हणणं आहे, त्याला पुरावा नाही.

तेव्हा मागण्या.

२०२७ नंतरचा करार करण्याआधी चालू कराराचा हिशेब लोकांसमोर ठेवा. कुठल्या प्रकाशकाला किती दिले, कुठलं जर्नल किती उघडलं गेलं, करार मोडला तर २०२५ ते २०२७ चे अंक आमच्याकडे राहतात की तेही जातात. हा शेवटचा मुद्दा गणितवाल्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. आम्हाला १९५८ चा पेपर कालच्याइतकाच लागतो. सिद्ध झालेलं शिळं होत नाही.

नवा करार झालाच तर 'प्रत्येक माणसाला' हे २०२० चे शब्द त्यात परत आणा. ते एकदम जमत नसेल तर खासगी महाविद्यालयं आणि शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं यांच्यासाठी तारीख द्या. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रात गावोगावी वाचनालयं आहेत, बऱ्याच ठिकाणी एक संगणकही आहे. तेवढं पुरे.

२०१४ चं धोरण कपाटातून काढा आणि ते सर्व केंद्रीय निधीला, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनसकट, लावा. पेपर रिपॉझिटरीत ठेवल्याचा दुवा दिल्याशिवाय प्रकल्पाचा शेवटचा हप्ता सोडू नका. बस्स, एवढी एक अट. अमेरिकेच्या सरकारनं २०२२ मध्ये सरकारी पैशातलं संशोधन प्रसिद्ध होताक्षणी खुलं करण्याचा आदेश काढला, आपण निदान सहा महिन्यांची मुदत तरी ठरवा.

लेखकाला सही करायला लावणाऱ्या फॉर्मचा बंदोबस्त कायद्यानं करा. जर्मनीत २०१४ पासून आणि फ्रान्समध्ये २०१६ पासून सार्वजनिक पैशातल्या संशोधनाच्या लेखकाला, करारात काहीही लिहिलेलं असो, ठरावीक महिन्यांनी आपली प्रत खुली करायचा हक्क आहे. फ्रान्समध्ये विज्ञानासाठी सहा महिने, जर्मनीत बारा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तसं एक कलम घाला. एकट्या प्राध्यापिकेला परदेशी कंपनीशी हक्कांची घासाघीस करायला लावू नका, तिला ते जमत नाही, आणि फॉर्मवर सही न केली तर पेपर जातो.

वर्षाच्या दोन हजार कोटींतले शंभर कोटी बाजूला काढा आणि भारतीय जर्नल्ससाठी सार्वजनिक व्यासपीठ उभं करा. वाचकाला फुकट, लेखकाला फुकट. इन्फ्लिबनेटकडे यंत्रणा आहे, अकॅडम्यांकडे संपादक आहेत, रेफ्री तर आम्ही फुकटच आहोत. प्रकाशन-शुल्काचे १५० कोटीही हळूहळू तिकडे वळवा.

आणि प्रमोशनसाठी पेपर मोजणं थांबवा. वाचून बघा. पाच वर्षांत एकच पेपर लिहिला पण तो खरा असेल, तर त्या माणसाला विचारा त्यात काय आहे. विचारणाऱ्यालाही थोडा अभ्यास करावा लागेल, हे मान्य.

हे पत्र तिन्ही कार्यालयांना नोंदणीकृत टपालानंही पाठवते आहे. यांतल्या ज्या मागण्या मान्य नसतील त्या का मान्य नाहीत, ते कळवावं. उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल, पण जाहीर द्यावं, कारण प्रश्न जाहीर विचारला आहे.

आपली,
विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयातील गणिताची एक प्राध्यापिका